वाडा की झोपडी? पुण्यातील शाळांच्या जागेची गोष्ट

शाळा काढायची तर पहिला प्रश्न जागेचा. तयार जुनी वास्तू घ्यावी, की मोकळ्या जमिनीवर नवी उभारावी? एकोणिसाव्या शतकातील पुण्यात हा प्रश्न वारंवार उभा राहिला आणि केवळ रुपये-आण्यांच्या हिशेबाने तो क्वचितच सुटला. आजचा धागा त्याविषयी.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसरा बाजीराव बिठूरला गेला आणि त्याचा विश्रामबागवाडा सरकारच्या ताब्यात आला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. इमारत आयती, वस्ती भरगच्च, बांधकामाचा खर्च नाही. मात्र वाडा राहण्यासाठी बांधलेला असतो, शिकवण्यासाठी नव्हे. चौकात उजेड, तर आतील दालनांत अंधार. जिने अरुंद आणि सांगाडा लाकडाचा. लाकडाची ही भीती अनाठायी नव्हती. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आगीत नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्यालाही त्या वेळी आगीची झळ बसली.

तोवर या पाठशाळेतून वाढलेले डेक्कन कॉलेज तेथून हलले होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या आधारे येरवड्यास गॉथिक धाटणीची दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. प्रशस्त जागा, मोकळी हवा, सारे काही मिळाले. गाव तेवढे नदीअलीकडे राहिले.

ज्यांच्यापाशी ना सरकार होते ना जमशेटजी, त्यांचे काय? १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात, बुधवार पेठेत. १८५१ मधील शाळा भरली अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात. येथे पैशाची अडचण होतीच; पण समजा पैसा असता, तरी गावाबाहेर इमारत बांधून उपयोग काय होता? लहान मुलींना तिथवर पाठवले कोणी असते? ज्या रस्त्याने जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, तो रस्ता जितका आखूड तितका बरा. जुना वाडा ही तेथे तडजोड नव्हती, माझ्या मते ती योग्य निवड होती. तिच्यातील धोका एकच : घरमालकाची मर्जी.

आता धोंडो केशव कर्वे यांच्याकडे वळू. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, समाजाचा बहिष्कार सोसला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. आश्रम प्रथम शहरातल्या घरातच होता. वरकरणी फुल्यांचीच वाट. पण कर्व्यांच्या विद्यार्थिनी संध्याकाळी घरी परतणाऱ्या मुली नव्हत्या. त्या तरुण विधवा होत्या, आश्रम हेच त्यांचे घर होते. पेठेतल्या घरात प्रत्येक खिडकीवर शेजाऱ्यांचे डोळे. त्यात प्लेग! साथ आली की घरे सोडून गावाबाहेर पडायचे, ओसरली की परतायचे. असा आश्रम कसा चालावा?

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये तेथे एक झोपडी उभी राहिली. येरवड्याच्या दगडी कमानींपुढे तिला ‘नवी इमारत’ म्हणायला जीभ कचरते. तरी ती नवीच होती, आणि स्वतःची होती. किंमत मोजली ती अंतराने. शहर सुमारे चार मैल दूर, वाट चिखलाची, शेजार माळरानाचा. दिवसभर कॉलेजात शिकवून कर्वे सायंकाळी आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्यास जात, तेथे शिकवत आणि सकाळी पुन्हा पायीच परतत. जागा फुकट मिळाली असे आपण सहज लिहून जातो. तिचे भाडे कर्व्यांच्या पायांनी वर्षानुवर्षे भरले, हे जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही.

बाकीचे भराभर घडले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकल्या आणि निधी मिळवण्यासाठी पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ.

भिडेवाडा दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तेथे स्मारक व्हायचे आहे. हिंगण्याची झोपडी आजच्या कर्वेनगरात, संस्थेच्या आवारात, जपून ठेवलेली आहे. तिच्या भोवतीचे माळरान आता शोधूनही सापडत नाही.