‘परात्मता’: एका संज्ञेचा पूर्वेतिहास

‘परात्मता’ ही संज्ञा साठोत्तरी मराठी समीक्षेत रुळली. ‘एलिएनेशन’चा पर्याय म्हणून तिचा वापर होत असला, तरी संकल्पना मुळात जर्मन तत्त्वज्ञानातली आहे. हेगेलने १८०७ मध्ये ‘एन्टफ्रेम्डुंग’ ही संज्ञा चैतन्याच्या प्रवासासंदर्भात योजली. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत ती श्रमाला लावली. ही हस्तलिखिते प्रसिद्ध झाली ती मात्र १९३२ मध्ये. आपल्याच श्रमाचे फलित आपल्यापुढे परक्या सत्तेसारखे उभे राहणे, हा त्या विवेचनाचा गाभा. मराठी पर्यायात एक विसंगती अभावितपणे शिरली आहे. संस्कृतात ‘परात्मा’ म्हणजे परम आत्मा. एकच शब्दरूप एका परंपरेत आत्म्याची परमावस्था सुचविते, तर दुसरीत त्याचे हरवणे.

या संज्ञेला आणखी एक, दप्तरी पूर्वेतिहास आहे. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन ‘एलिएनस’, म्हणजे दुसऱ्याचा. मुंबई इलाख्यात हा शब्द तत्त्वज्ञानाच्या आधी महसूल खात्यातून आला. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यानुसार, जिच्या महसुलाचा हक्क सरकारने पूर्णतः वा अंशतः दुसऱ्याकडे सोपविला, ती जमीन ‘एलिएनेटेड’. मराठी दप्तरात ‘दुमाला’. मुंबईच्या उपनगरांची भूमीही अशा व्यवहारांना अपरिचित नव्हती. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतल्यावर पुढील शतकात तेथील अनेक गावे बड्या जमीनदारांकडे गेली. त्या इस्टेटींच्या महसुली सवलती रद्द करण्यासाठी १९५१ मध्ये कायदा करावा लागला. ‘दुमाला’ या शब्दात हक्क हलतो. जमीन कसणाऱ्याला मात्र त्या व्याख्येत स्थानच नाही.

हे स्थान नसणे साहित्यविचारातही प्रश्न उभा करते. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराला घर आहे, गाव आहे, वडील आहेत, त्यांपासूनचे त्याचे तुटणे ‘परात्मता’ या संज्ञेत सामावते. अण्णा भाऊ साठे यांच्याबाबत तसे म्हणता येईल काय? वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेला हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिला. ‘चिरागनगरची भुतं’ या शीर्षकात ती वस्तीच आहे. गावाने वेशीबाहेर ठेवले, शहराने झोपडीत. जे आपलेपण कधी लाभलेच नाही, त्याच्यापासून दुरावणार कसे? १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊंनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरली असल्याचे प्रतिपादन केले. हा विलाप नव्हे, मालकीचा दावा आहे.

लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे (१९८०) ‘उपरा’ हे शीर्षक म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. परका बाहेरून येतो आणि बाहेरचा राहतो. उपरा आत राहूनही बाहेरचा ठरविला जातो. ‘परात्मता’ ही भाववाचक संज्ञा अवस्था सांगते, ती लादणारा कर्ता मात्र झाकते. ‘उपरा’ म्हटले, की ठरविणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

संज्ञा टाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. समीक्षकाने ती योजताना दोन प्रश्न मात्र टाळू नयेत: येथे आधी काही आपले होते काय, आणि ‘पर’ कोणी केले? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर ‘परात्मता’ हे निदान नव्हे. ती त्या जीवनावर लादलेली उसनी स्मृती ठरेल.