वैशाखातली नांगरट कोणाची?

मराठवाड्यातला लहान शेतकरी आपल्या रानाला ‘घरची शेती’ म्हणतो. पेरणी, खुरपणी, काढणी यांपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण पाडव्यापासून मृगापर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत जी उन्हाळी मशागत होते, ती नांदेड-लातूरच्या भारी काळ्या रानात एका घराच्या बळावर पूर्वी होतच नव्हती. याचं मूळ जमिनीत आहे. हरभरा आणि रब्बी ज्वारी निघाली की ही जमीन वाळून भेगाळते, टणक होते. तिच्यात कुंदा आणि हरळी खोलवर मुळं धरून बसतात. वखराच्या पाळ्या दरवर्षी घालता येतात, पण वखराची पास वरचा थर तेवढा कापते, खालच्या काड्यांतून कुंदा पुन्हा फुटतो. या काड्या उपटून वैशाखाच्या उन्हात उघड्या पडल्या तरच मरतात. त्यासाठी बाभळीचा जड नांगर लागायचा, आणि तो ओढायला तीन-चार बैलजोड्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तरी वाळलेल्या काळ्या रानात एका जोडीचं काम भागत नसे. लाल कंधारी आणि देवणी हे नावाजलेले गोवंश याच दोन जिल्ह्यांतले, माळेगावची जत्रा आणि हाळी-हंडरगुळीचा बाजार बैलांसाठी प्रसिद्ध. तरीही सहा-आठ बैलांची दावण मोजक्याच वाड्यांत असे. बाकीच्यांकडे एक जोडी, कित्येकांकडे एकच बैल.

ही अडचण गावाने इर्जिकीने सोडवली. ज्याचं रान नांगरायचं त्याने सांगावा धाडायचा, शेजारपाजारच्यांनी आपापले बैल घेऊन पहाटेच यायचं, ऊन चढायच्या आत औत सोडायचं. मजुरी नाही, पण पुरणाचं नाहीतर मटणाचं जेवण. शिवाय उद्या दुसऱ्याच्या रानात आपले बैल नेण्याची बांधिलकी. भारी जमीन दरवर्षी नांगरावी लागत नाही. एकदा खोल नांगरट झाली की पुढची काही वर्षं वखरावर भागतं. म्हणून यंदा याचं रान, पुढच्या साली त्याचं, अशी पाळी लावणं शक्य झालं. इर्जिक माणसांच्या चांगुलपणावर तगली असं सहज म्हटलं जातं. मला ती या पाळीच्या हिशेबावर तगलेली दिसते, आणि त्यामुळे तिचं मोल कमी होत नाही. नांगराचा फाळ शेवटायला लोहार, औतं दुरुस्त करायला सुतार, हे बलुत्यावर. धसकटं वेचायला घरच्या आणि शेजारच्या बाया. त्याच बाया त्याच दिवसांत एकमेकींच्या अंगणात शेवया-कुरडयांसाठीही आळीपाळीने बसत.

यावर आक्षेप येतो की ही सगळी बैलवाल्यांची आपसातली सोय होती, भूमिहीनाला तिचा काय उपयोग? आक्षेप खरा आहे. वर्षाच्या करारावर पाडव्याला कामाला लागणारा सालगडी मालकाचे बैल घेऊन इर्जिकीला जायचा, पण त्याचे कष्ट मालकाच्या खात्यावर जमा व्हायचे. उचल फिटली नाही तर पुढचं साल त्याच वाड्यात. इर्जिकीच्या परतफेडीत त्याचा वाटा नव्हता. पण यातून इर्जिक खोटी ठरत नाही. ‘घरची शेती’ किती परक्या घामावर उभी होती, हेच त्यातून दिसतं. दुसरा आक्षेप वेठीचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि देशमुख-पाटलाने सांगावा धाडला तर नाही म्हणायची छाती कोणाची? इथे कसोटी परतफेडीची लावावी. ज्या रानात बैल नेले त्या रानाचे बैल आपल्या बांधावर आले, ती इर्जिक. आले नाहीत, ती वेठ. एकाच गावात दोन्ही चालत, आणि जुन्या गावगाड्याचं कौतुक करताना आपण हा फरक बुजवतो.

मग इर्जिक मोडली कशाने? ट्रॅक्टरने, हे उत्तर मला अपुरं वाटतं. ट्रॅक्टर दाराशी येण्याआधीच दावणी विरळ होत होत्या. वाटण्यांनी रानं लहान झाली, 1972च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरं गेली, आणि 1990नंतर सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. ज्वारी कडबा देत होती. सोयाबीनचं भुस्कट वैरण म्हणून तिची जागा भरून काढत नाही. लातूरची बाजारपेठ सोयाबीनने मोठी झाली, आणि त्याच पिकाने बैल पोसणं महाग केलं. बैलच नसतील तर पाळी कशाची लावणार?

आजही वैशाखातली नांगरट घरची नाही, कारण लहान शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर नसतो. तो एकरी दराने किंवा तासावर बोलावला जातो. पैसे तातडीने रोख द्यावे लागतात, तेही नेमके हरभऱ्याचा पैसा लग्नात-देण्यात संपलेला आणि पीककर्ज अजून हाती न आलेलं असताना. पूर्वी हे देणं बैलांनी फेडता यायचं, आणि फेडायला पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची सवड असायची. आता ते डिझेलच्या भावाने वाढतं. म्हणून कित्येक जण खोल नांगरट टाळून रोटाव्हेटरच्या एका फेरीवर भागवतात. रोटाव्हेटर उथळ चालतो, हरळीचे तुकडे करून ते रानभर पसरवतो, आणि पाऊस पडला की प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो.