म्यूल (१९८३): एका दुर्लक्षित खेळाचा इतिहास

डॅनिएल बंटेन बेरी यांच्या ओझार्क सॉफ्टस्केप या अमेरिकी चमूने ‘म्यूल’ १९८३ मध्ये अटारी संगणकासाठी रचला. इराटा ग्रहावर चार वसाहतकार यांत्रिक खेचरांकरवी अन्न, ऊर्जा, खनिज मिळवतात. मग लिलाव. विकणारा पडद्याच्या वरून, घेणारा खालून सरकतो; गाठ पडते तिथे भाव ठरतो. मागणी-पुरवठ्याचा आलेखच चालू लागतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा पाहावेच.

खप मात्र सुमारे ३०,००० प्रतींचाच. अटारी ८०० ला चार जॉयस्टिक लागत. अधिक खपलेल्या कमोडोर ६४ ला दोनच. चौघांनी शेजारी बसून घासाघीस करण्याचा खेळ तिथे अवघडला. विल राइट यांनी मात्र ‘द सिम्स’ बंटेन यांच्याच स्मृतीस अर्पण केला.