हँग अप

परवा व्हिडिओ कॉल संपता संपता अमेरिकेत वाढलेल्या भाचीने विचारलं, "मामा, फोन बंद करण्याला 'हँग अप' का म्हणतात? आपण लटकवतो कुठे?" आता पोरीने हुकवाला फोन कधी पाहिलेलाच नाही, तिची काय चूक!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फोन म्हणजे भिंतीवरची लाकडी पेटी. बोलायचं पेटीवरच्या भोंग्यात आणि ऐकायचं वेगळं नळकांडं कानाला लावून. बोलून झालं की ते नळकांडं बाजूच्या हुकावर टांगायचं. त्याच्या वजनाने हुक खाली जाई आणि सर्किट तुटे. विसरलात तर पेटीतली बॅटरी उतरत राहणार, शिवाय कोणी फोन केला तर तुमची घंटा वाजणार नाही. म्हणजे 'हँग अप' हे अगदी शब्दशः करायचं काम होतं. इंग्लंडात यालाच 'रिंग ऑफ' म्हणत, कारण बोलणं संपल्यावर हँडल फिरवून एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला तसं कळवावं लागे. (आपल्या मुंबईत एक्स्चेंज आलं 1882 मध्ये.)

1927 मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने आडवा ठेवायचा हँडसेट आणला. टांगायला काही उरलं नाही, क्रियापद मात्र तसंच टांगलेलं राहिलं. गंमत म्हणजे 'हँग अप' म्हणजे संपव आणि 'हँग ऑन' म्हणजे थांब जरा. आणि पुढे 'ऑन मी' लागलं की भांडणच! माझं बोलणं चालू असताना त्याने फोन ठेवला. आपण त्याला 'आपटला' म्हणतो. हे जास्त बरं, आवाज ऐकू येतो :)

एरवी मराठीत फोन 'ठेवतात'. मी हॉस्टेलला असताना रात्री 11 नंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. बूथबाहेर ही रांग, आत मीटरचे लाल आकडे पळतायत, आणि पलीकडून आई विचारायची, "ठेवू का?" विचारायची, पण ठेवायची नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. शेवटी मीच ठेवायचो. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

असो. भाचीला हुक, बॅटरी, हँडल सगळं सांगून झालं. तिने जांभई दिली आणि तिच्या त्या अमेरिकन मराठीत म्हणाली, "मामा, ठेवू का?"

मी म्हटलं, थांब गं, अजून 'रिंग ऑफ'चं एक राहिलंय.