अपेंडिक्समधली टाचणी

लहान मुलांची शस्त्रक्रिया शिकवताना मी विद्यार्थ्यांना 1735 सालच्या लंडनमध्ये नेतो. 6 डिसेंबरला सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमयांड या सर्जनने 11 वर्षांच्या एका मुलावर शस्त्रक्रिया केली. मुलाला लहानपणापासून अंतर्गळ होता आणि मांडीवरच्या नाडीव्रणातून मळ पाझरत होता. अंतर्गळ उघडला तर आत चक्क अपेंडिक्स! त्यात अडकली होती एक टाचणी. पोराने ती कधीतरी गिळली असावी. तिच्या डोक्यावर दगडासारखे कठीण पुट चढले होते आणि टोकाने अपेंडिक्सला भोक पाडले होते.

भूल नव्हती, ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून 111 वर्षे होती. जवळजवळ अर्धा तास ते पोर शुद्धीवर राहून सोसत होते. मला त्या सर्जनइतकेच त्या पोराचेही मोठेपण वाटते. अमयांडने अपेंडिक्स बांधून कापले. मुलगा बरा झाला. नोंद असलेली, यशस्वी झालेली अपेंडिक्सची ही पहिली शस्त्रक्रिया.

तरीही अपेंडिक्सची सूज हेच पोटातल्या अनेक जीवघेण्या दुखण्यांचे मूळ आहे, हे बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने ठामपणे मांडेपर्यंत 1886 उजाडले. अंतर्गळात अपेंडिक्स सापडणे आजही दुर्मीळ. त्याला ‘अमयांडचा हर्निया’ म्हणतात. पण अंतर्गळात काय अडकले आहे ते बाहेरून कळत नाही. म्हणून जांघेतली गाठ अचानक घट्ट झाली, दुखू लागली आणि मूल ओकू लागले, तर मालिश, शेक यांत वेळ न दवडता त्याला तडक रुग्णालयात आणा.