खळ्यावर वहाणा काढून या

कापूरहोळ फाट्यावर उतरलात, की हमरस्ता, भोरकडे वळणारी एसटी, वड्याचा घाणा सगळं मागे टाका. साल १६५७, महिना मार्गशीर्ष. पूर्वेला पुरंदर आहे तिथेच आहे. यंदाच्या १४ मेला तिथे शंभूराजे जन्मले. सईबाईंची तब्येत नाजूक, म्हणून बाळाला पाजायला याच गावच्या धाराऊ गाडे गेल्यात. खळ्यावर बायकांच्या तोंडी तोच विषय, आणि बोलण्यात माहेरवाशिणीचं कौतुक व्हावं तसा रुबाब.

वहाणा काढा, खळ्यावर त्या चालत नाहीत. जमीन चोपून शेणानं सारवलीय. भाताची पेंडी दोन्ही हातांत घट्ट धरा आणि दगडावर झोडपा. दोन-चार फटक्यांत दाणा सुटतो. ज्या लोंब्या सोडायला तयार नसतात, त्या बैलांच्या पायाखाली जातात. मधोमध तिवडा रोवलाय, त्याभोवती बैल फिरतायत. एखाद्यानं शेपटी उचलली, की पोरगं टोपली घेऊन धावतं. भातात शेण पडता कामा नये. बखरकारांना या पोराची दखल घ्यावीशी वाटली नाही, पण त्याचं लक्ष ढळलं तर सगळ्या घराच्या शिव्या त्यालाच.

दुपारी वारा सुटतो. घरधनी उंच तिपाईवर चढून सूप हलवू लागतो. पळींज नि भुसकट लांब उडतं, भरलेला दाणा पायाशी पडतो. डोक्याला फडकं गुंडाळा, नाहीतर कूस मानेत शिरून रात्रभर खाजवत बसाल.

रास बघून हरखू नका. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, गुरव खळ्याच्या कडेला आलेत. वर्षभराच्या कामाचं बलुतं त्यांना इथेच मिळायचं. पुढच्या पेरणीचं बी बाजूला निघेल. सरकारचा हिस्सा वेगळाच. शिवशाहीची वाटणी बखरकार सभासदानं लिहून ठेवलीय: पाचांतले तीन भाग रयतेला, दोन दिवाणात. २० मणांची एक खंडी. खंडीभर पिकलं, हे पुरुषांनी खळ्यावर मिरवावं. कणगीत किती गेलं, ते घरधनिणीलाच विचारावं.

आता मापं सुरू होतील. पहिल्या पायलीला 'एक' नाही, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. मोजणाऱ्याशी मध्येच बोलू नका. आकडा चुकला तर पुन्हा लाभापासून मोजावं लागेल, आणि दिवस कलायला आलाय.