उसन्या मुळांवरचे संत्रे

नागपुरी संत्र्याची कुळकथा सांगायला बसलेला माणूस बहुधा फळापासून सुरुवात करतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून ही झाडे नागपुरात आणवली, एवढे सांगितले की त्याचे काम भागते. आपण मात्र मुळाकडून निघू. कारण विदर्भातल्या बागेत संत्र्याचे झाड बहुधा स्वतःच्या मुळांवर उभे नसते. खाली जंबेरी या लिंबाचा खुंट असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला असतो.

ही उसनवारी जगाला शिकवली ती एका रोगाने. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर संत्र्यांच्या बुंध्यांतून डिंक पाझरू लागला आणि बागाच्या बागा वाळल्या. आपल्याकडचे बागायतदार ज्याला ‘डिंक्या’ म्हणतात, तोच हा. जमिनीतली फायटोफ्थोरा बुरशी साल आणि मुळे कुजवते. बियांची झाडे लावणे मागे पडले आणि या बुरशीला दाद न देणाऱ्या कडू संत्र्यावर कलमे होऊ लागली. सुमारे शतकभर सुखाचे गेले. मग १९३० नंतर ब्राझील आणि अर्जेंटिनात कडू संत्र्यावरची लक्षावधी कलमे माना टाकू लागली. ब्राझीलमध्ये या रोगाला ‘त्रिस्तेझा’ म्हणतात, म्हणजे विषण्णता. झाडाच्या दुखण्याला इतके नेमके नाव क्वचितच मिळाले असेल. माव्यामार्फत पसरणारा या रोगाचा विषाणू मुंबई राज्यातही असल्याचे वासुदेव आणि कपूर या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये नोंदवले. जंबेरी हा विषाणू सोसते, पण डिंक्यापुढे हात टेकते. एक रोग टाळावा तर दुसरा दारात, असा हा पेच.

त्यातून वाट दाखवणारे झाड मूळचे चीनचे, शोभेचे आणि कुंपणाचे, काटेरी, हिवाळ्यात पाने गाळणारे तीनपानी संत्रे. १८९४-९५ च्या हिमकडाक्यात फ्लोरिडाच्या बागा करपल्या, तेव्हा स्विंगल आणि वेबर या अमेरिकी वनस्पतीशास्त्रज्ञांनी १८९७ पासून थंडी सोसणाऱ्या फळाच्या आशेने त्याचे गोड संत्र्याशी संकर सुरू केले. फळ खाण्याजोगे निघाले नाही, पण खुंट मात्र नामी निघाले! आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तीनपानी रुजायला नाखूश, म्हणून भारतात जंबेरीशी त्याचे संकर करून पाहिले गेले. लिंबूवर्गात संकर मिळवणे सोपे नसते. एका बीत अनेक गर्भ असतात आणि त्यांतले बरेचसे आईचीच हुबेहूब नक्कल असतात. संत्र्याच्या बीत दोन गर्भ सूक्ष्मदर्शकाचा डच जाणकार लेवेनहुक याला १७१९ मध्येच दिसले होते. पन्हेरीवाल्याला जी एकसारखी रोपे हवीशी वाटतात, तीच संकरकाराची डोकेदुखी ठरतात.

१९८५ मध्ये नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आले, तेव्हापासून खुंटांची ही परीक्षा भोसल्यांच्या संत्र्याच्या अंगणातच चालू आहे. तरीही वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आजही बव्हंशी जंबेरीच. म्हणून कलम घ्याल तेव्हा फळाची जात विचाराल तसा खुंटही विचारा, आणि लावताना डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर राहील हे पाहा.